हाडांची पेटी

आमच्या घराण्यात हट्ट पुरुषांकडे असतो, असं सगळे म्हणायचे. मला ते कधीच पटलं नाही. थोरल्या चुलत्यांशी, म्हणजे आबांशी, माझं जे भांडण झालं त्यात जास्त हट्टी कोण होतं हे ऐकणाऱ्यानं ठरवावं. मी मात्र माझ्याच बाजूनं सांगणार आहे. दोन्ही बाजू सांगायला मी काही पंच नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव कृष्णाकाठी, कराडपासून सायकलीच्या टप्प्यावर. उसाची शेती, एकत्र घर. वडील पलटणीत. ते वर्षातून एकदा रजेवर यायचे, बाकी सगळा कारभार आबांचा. मला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा आबांनीच मला सांगलीकडे कॉलेजात नेऊन पोचवलं. डोक्यावर नवी टोपी, हातात माझी वळकटी. गावात परतल्यावर त्यांनी पेढे वाटले. आपल्या घरात डाक्टरीण होणार याचा त्यांना जेवढा तोरा होता तेवढा वडिलांना बढती मिळाली तेव्हाही नव्हता. पण डॉक्टर व्हायला काय काय लागतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मलाही नव्हतं.

हाडं लागतात. खरी, माणसाची. पहिली दीड वर्षं शरीररचनेचा अभ्यास, त्यात प्रेतं फाडायची ती कॉलेजात आणि हाडं पाठ करायची ती खोलीवर. एक कवटी, एक कणा, एका बाजूचा हात आणि एका बाजूचा पाय, एवढ्याला आम्ही ‘अर्धा संच’ म्हणायचो. असे संच वसतिगृहात वरच्या वर्गातल्या मुलीकडून खालच्या मुलीकडे जात. मला माझा संच एका ताईनं दिला. देताना म्हणाली, “पास झालीस की पुढचीला दे. बाकी कुणाला नाही.” हाडांवर रंग लावलेले होते. स्नायू जिथून निघतो तिथं लाल, जिथं जाऊन चिकटतो तिथं निळा. माझ्याआधी कितीतरी मुलींनी ते गिरवलेले. कवटीचं वरचं झाकण करवतीनं कापलेलं असायचं, ते उघडायचं आणि लागायचं. आमची एक मैत्रीण त्या झाकणात केसांच्या पिना ठेवायची. त्यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी एकीलाही वाटत नव्हतं.

दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टी संपली की परीक्षा. मी संच पत्र्याच्या पेटीत भरला आणि एसटीनं घरी निघाले. कंडक्टरनं विचारलं, “काय हाय पेटीत? लय खडखडतंय.” मी म्हणाले, “हाडं.” तो म्हणाला, “आमी काय यडं हाय व्हय?” आणि हसत पुढं गेला. खरं बोलण्याचा हा एक फायदा असतो.

घरी मी पेटी गोठ्यालगतच्या खोलीत ठेवली. तिथं पेंडीची पोती असायची, कुणी फारसं यायचं नाही. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी काकी, म्हणजे आबांची बायको, पेंड काढायला आली. मी पोत्यावर बसले होते, मांडीवर खांद्याचं फऱ्याचं हाड, आणि तोंडानं पुटपुटत होते. काकीनं आधी हाड बघितलं, मग त्याच्यावरचा लाल रंग, मग माझे हलणारे ओठ.

अशी किंचाळली की आवाज वेशीपर्यंत गेला असणार.

“आगं पोरी, हाडाला कुकू लावून काय मंतरतीयास!”

करणी! मी घरावर करणी करतेय! मी “काकी, हा अभ्यास आहे” म्हणेपर्यंत ती अंगणात होती आणि आळीतल्या बायका दारात होत्या. आईला भाकरी थापता थापता उठावं लागलं. तिच्या हाताला पीठ तसंच. एका बाईनं सांगितलं, निळा रंग म्हणजे तर लयच वाईट. कुणावर केलंय ते विचारा. मला इतका संताप आला की मी आत गेले, कवटी उचलली आणि सरळ अंगणात घेऊन आले. “ही बघा करणी,” म्हणाले, “बघा, हात लावा.” अंगण रिकामं झालं.

आबा मळ्यातून आले तेव्हा त्यांना सगळं तिखटमीठ लावून कळलेलं होतं. ते ओरडले नाहीत. आबा ओरडत नसत. पायरीवर बसले, कवटीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “करनी न्हाई. कळतंय मला. पर हे कुनाचं?”

“कॉलेजचं. म्हणजे, एका ताईचं.”

“ते न्हाई इचारत. हे मानूस कोन व्हतं?”

मला माहीत नव्हतं. एकाही मुलीला माहीत नव्हतं. दीड वर्ष आम्ही ती हाडं हाताळली, कुणी विचारलंही नव्हतं. मी म्हणाले, “बेवारशी असतात आबा. कुणाचीच नसतात.”

“कुनाचीच कशी नसत्याल? आभाळातनं पडली व्हय?”

“मेलेल्याला काय कळतंय?” मी म्हणाले. आईनं तिथल्या तिथं माझ्या पाठीत पिठाचा हात हाणला.

आमच्याकडे राख सावडली की अस्थी घरात आणत नाहीत. गाडग्यात घालून बाहेर झाडाला टांगतात आणि मग नदीत सोडतात. तोवर घरावर सुतक. काकीनं हाच धोशा लावला. घरात देव, तोंडावर दिवाळी, आणि गोठ्यालगत अख्खा माणूस न सोडलेला. आबा जेवले, झोपले. मला वाटलं, मी जिंकले.

सकाळी उठून बघते तर पेटी उघडी आणि रिकामी.

आबा पहाटेच सायकलच्या कॅरेजला पोतं बांधून कराडला गेले होते. दुपारच्या आत परत आले. अंगावर ओलं धोतर, आणि टोपी काढली तर डोक्याचा चकोट केलेला. मिशीही नाही. माझे आजोबा गेले तेव्हा आबांची मिशी उतरली होती, त्यानंतर थेट आता. एका अनोळखी माणसासाठी, ज्याच्या एका बाजूचेच हातपाय होते, त्यांनी संगमावर न्हाव्यापुढं डोकं धरलं होतं, भाताचा पिंड ठेवला होता आणि कोयना कृष्णेला मिळते तिथं गुडघाभर पाण्यात उभं राहून माझा सगळा अभ्यास सोडून दिला होता.

“सोडलं,” ते म्हणाले. “नाव ठाव नव्हतं, म्हनून माझ्या बाचं नाव घेतलं.”

आता कुणी म्हणेल, केवढा मोठा माणूस. असेलही. पण मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, परीक्षा तोंडावर होती आणि माझी मांडीची फेमर, माझी कोपराखालची अल्ना, माझी कवटी कृष्णेच्या तळाला चालली होती. मी रडले नाही. मी आबांवर ओरडले. त्या घरात त्यांच्यावर त्याआधी कुणी ओरडलं नव्हतं. मी म्हणाले, “तुमाला पुण्य लागलं, मला काय? हाडाबिगर मी परीक्षेत काय सांगू, कपाळ? तुमच्यामुळं मी नापास होनार!”

आबांनी डोक्यावर टॉवेल घेतला. “नापास झालीस तर घर हाय. परत ये. लगीन लावून देतो. न्हाई झालीस तर शीक.”

असं ते ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं.

मी दोन दिवस जेवले नाही. पण उपाशी राहून स्नायू पाठ होत नाहीत. तिसऱ्या दिवशी मी माजघरात आले. चुलीला लावायची तांबडी काव एका वाटीत कालवली, धुण्याची नीळ दुसऱ्या वाटीत. बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत अल्नाची कड कातडीखालून हाताला लागते, करंगळीच्या बाजूनं. ती चाचपत मी खुणा केल्या. निघतो तिथं लाल, चिकटतो तिथं निळा. डावा हात झाला. मग नडगी. मग गळ्याखालचं आडवं हाड, आरशात बघून. हाडं नदीत सोडता येतात, पण आत बसलेली कोण सोडणार? सगळी होती तिथंच होती, माझ्याच अंगात, दोन्ही बाजूंची. अर्धा नाही, पुरा संच!

संध्याकाळी आबांच्या पंगतीला मी भाकरी वाढायला गेले ती तशीच. हात लाल-निळे, गळा लाल-निळा. आबांनी बघितलं. मी ताटासमोर हात धरला आणि म्हणाले, “हे बी सोडून या आता संगमात.”

काकीच्या हातून भांडं पडलं. आबा ताटावरून उठले नाहीत. अन्नावरून उठायची आमच्यात रीत नाही. ते मान खाली घालून जेवले, पण त्या दिवशी त्यांनी कालवण मागून घेतलं नाही. मला वाईट वाटलं का? नाही. अजिबात नाही.

पण स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. खांद्याचा फरा कसा करायचा? तिथं दादा कामाला आला. दादा म्हणजे आबांचाच मुलगा, तालमीतला पैलवान, कान मोडलेला, अंग असं की प्रत्येक स्नायू नावासकट ओळखावा. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, “लांग बांधून हुबा ऱ्हातू. पर आबास्नी सांगू नगं.” गोठ्यात गुरांसमोर तो लंगोटावर उभा राहिला आणि मी त्याच्या पाठीवर, दंडावर, पोटऱ्यांवर काव आणि नीळ लावली. एकेक हालचाल करून दाखव म्हणायचे, तो करायचा आणि कुठला स्नायू कुठं ओढतो ते सरळ दिसायचं. पुस्तकात एवढं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. दोन दिवसांनी तो तसाच तालमीत गेला आणि सगळ्या पैलवानांनी धरून विचारलं, “गड्या, ह्यो काय नवा डाव?” मग ते आबांपर्यंत पोचायला किती वेळ लागणार!

आबांच्या समोर आई कायम डोक्यावर पदर घेऊन, भिंतीला लागून. एका दुपारी काकी देवळात गेल्यावर तिनं दार लोटलं, चटई टाकली आणि आडवी झाली. “डोस्क्याचं ऱ्हायलंय न्हवं तुझं? घे, माझ्या डोस्क्यावर शीक.” मी तिचा अंबाडा सोडला. कानामागचं उंचवट्याचं हाड, कपाळाची कड, गालाचं हाड, जबड्याचा कोन, सगळं बोटांनी चाचपलं आणि मोठ्यानं म्हणत गेले. ती डोळे मिटून पडली होती. मध्येच म्हणाली, “इतकी नावं हाईत व्हय माझ्या डोस्क्यात?” माझा तेव्हा तिच्यासाठी जीव तुटला. तिला कुणी नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. सगळे वैनी म्हणायचे, नाहीतर आमची आई.

परीक्षेला गेले. तोंडी परीक्षेत टेबलावर हाडं पसरलेली असत आणि बाहेरगावाहून आलेले परीक्षक एकेक उचलून हातात देत. गळ्याचं हाड दिलं, मी स्वतःच्या गळ्याला लावून बाजू सांगितली. अल्ना दिली, डोळे मिटून सांगितली. पायाचं हाड दिलं, मी सांगत सुटले. परीक्षक खुशीत आले. मग त्यांनी कवटी उचलली आणि उलटी करून माझ्या हातात ठेवली.

कवटीचा तळ. तिथं भोकंच भोकं असतात, प्रत्येकातून काहीतरी जातं, रक्तवाहिनी, नस, आणि प्रत्येकाचं नाव. तो तळ जिवंत माणसाच्या डोक्यावर कुठून चाचपणार? आई जे देऊ शकत होती ते सगळं तिनं दिलं होतं. हे तिच्याकडेही नव्हतं. मी पुस्तकात वाचलेलं आठवायला लागले आणि एका भोकाचं नाव दुसऱ्याला लावलं. मग दुसऱ्याचं तिसऱ्याला.

“तुझ्याकडे बोनसेट नव्हता का?” परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं.

“होता सर,” मी मराठीत म्हणाले. “त्याचे दिवस घातले.”

ते हसले नाहीत. मी त्या विषयात नापास झाले.

निकाल लागल्यावर मी घरी कळवलं नाही. दादानं बाहेरून शोधून काढलं असणार. एका रविवारी वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत आबा बसलेले. टोपी टेबलावर, डोक्यावर बोटभर केस उगवलेले, मिशी कोवळी. त्यांनी निकालाबद्दल काही विचारलं नाही. “सामान बांद,” म्हणाले. “साडेचारची गाडी हाय.”

“मी येत न्हाई.”

“सबूद झालाय पोरी आपला.”

“सबूद तुमी दिला. मी कवा दिलता?”

ते थांबले. खरंच आठवत असावेत. मी त्यांना आठवायला वेळ दिला नाही. म्हणाले, “आबा, तुमी कुस्तीच्या फडावर पंच म्हनून बसता. पैलवानाचा एक हात मागं बांधायचा आन त्याला म्हनायचं लढ, आन पडला की म्हनायचं हारला, अशी कुस्ती तुमी कुठं लावली असती काय? मग माज्यासंगं का लावली?”

आबांचा चेहरा बदलला. कुस्तीच्या बाबतीत त्यांना खोटं ऐकवत नसे आणि बोलवतही नसे. पण मागं हटतील तर आबा कसले. “ती हाडं मी सोडनारच व्हतो,” ते म्हणाले. “उंद्याच्याला बी सोडीन. मानूस असा पेटीत कोंडून ठिवायचा न्हाई.”

“आन मी उंद्याच्याला बी आनीन. तुमच्या डोक्यावरलं क्यास संपतील आबा, हाडं संपायची न्हाईत.”

दाराशी उभ्या असलेल्या मॅट्रनबाईंना हसू आवरेना. आबांना ते दिसलं, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं. ते उठले, टोपी घातली. “मग घरला येऊ नगंस,” म्हणाले.

“येनार. माजं बी घर हाय. उन्हाळ्याची सुट्टी लागली की येनार, आन पेटी घेऊन येनार. दिवसाढवळ्या येनार.”

ते गेले. मी खिडकीतून बघितलंही नाही. खोलीवर जाऊन उशीत तोंड खुपसून पोटभर रडले, मग उठून तोंड धुतलं. ताईला जाऊन सांगितलं की संच संगमात गेला, आता पुन्हा परीक्षेला बसायला दुसरा पाहिजे. ती आधी हसली, मग मी हसत नाही हे बघून कामाला लागली. तिनं शोधाशोध करून दुसरा संच मिळवून दिला. त्याच्यावर रंग नव्हते. कवटी लहानशी होती, जबड्यात दोनच दात उरलेले, आणि तेही झिजलेले. कोरड्या भाकरीवर आयुष्य काढलेलं कुणीतरी. हे मी बघत बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अभ्यास करत नाहीये. आबांनी मला कामातून घालवलं होतं. मला आता ते नुसतं हाड दिसेना. मला त्यांचा भयंकर राग आला.

मधल्या महिन्यांत दादा दोनदा येऊन गेला. आईनं दिलेले लाडू आणायचा. आबा माझं नाव काढत नाहीत, म्हणाला. काकी म्हणतात, पेटी घेऊन आली तर आपण माहेरी जाऊ. आईचा निरोप एवढाच, की उन्हं लय हाईत, जपून ये. “ये” म्हणाली होती, एवढं मला पुरेसं होतं.

सुट्टी लागली. उन्हाळा असा की एसटीच्या पत्र्याला हात लावता येईना. गावात उतरले तेव्हा भर दुपार. पेटी डोक्यावर घेतली आणि मधल्या आळीतून, मारुतीच्या देवळासमोरून, सरळ निघाले. मागच्या वाटेनं जाता आलं असतं. गेले नाही. बायका दारात आल्या, कुणी पदर तोंडाला लावला, कुणी पोरांना आत ओढलं. कवटी प्रत्येक पावलाला पेटीत आपटत होती. खोटं कशाला बोलू, घरात घेतलं नाही तर काय करायचं हे मी ठरवलेलं नव्हतं. परत जायचं तर तिथं वसतिगृह बंद, एवढंच माहीत होतं.

आबा ओसरीवर होते. पाणीपाळीचं काहीतरी बोलायला गावातले दोघं-तिघं आले होते. मला बघून त्यांचं बोलणं थांबलं. दाराच्या आत काकी, तिच्या मागं आई. मी अंगणाच्या मध्यावर पेटी उतरवली आणि तिच्या शेजारी उभी राहिले. आबांची मिशी पुरी वाढली होती. ते पायरी उतरले नाहीत. मीही पुढं झाले नाही.

“काय हाय पेटीत?” त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

हाडं, असं मी म्हणणार होते. सबंध वाटेवर मी तेच घोकत आले होते, कडक आवाजात, त्यांच्या तोंडावर. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

“मानूस हाय,” मी म्हणाले. “म्हातारी. दोनच दात हाईत.”

काकीनं देवाचं नाव घेतलं. ओसरीवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. आबा पेटीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग परत पेटीकडे.

“आगं मग तिला उनात काय ठिवलीयास?” ते म्हणाले. “आत घे.”